तिथं पाच नाही

किलर सुडोकू सोडवणारा माणूस दिसायला अगदी रिकामा दिसतो, हा त्या खेळातला सगळ्यात मोठा दोष. शब्दकोडंवाला निदान मधूनमधून ओरडतो, ‘नदीचं नाव, तीन अक्षरी!’ मग आमच्याकडे स्वयंपाकघरातून ‘मलप्रभा’ असं उत्तर येतं. चार अक्षरं झाली तरी आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावलेली नदी, तिला बसवायला काय हरकत आहे, असा एकूण सूर असतो. त्यात गंमत आहे, चारचौघांचा सहभाग आहे. किलरवाला मात्र पेन्सिल हवेत धरून कागदाकडे बघत बसतो. अर्धा तास झाला तरी पेन्सिल हवेतच. मग कोणाच्याही मनात साहजिकच येतं की याला दळणाला पाठवावं.

साधं सुडोकू तुम्हाला माहीत असेलच. 81 घरं, प्रत्येक आडव्या रांगेत, उभ्या रांगेत आणि नऊ घरांच्या चौकोनात 1 ते 9 हे आकडे एकेकदा. त्यात सुरुवातीला काही आकडे छापून तरी देतात. किलरमध्ये बहुतेक वेळा कागद कोराच. तुटक रेषांनी घरांचे लहानमोठे पिंजरे पाडलेले, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बेरीज लिहिलेली, आणि एका पिंजऱ्यात तोच आकडा पुन्हा यायचा नाही, एवढा दम दिलेला. या भांडवलावर सगळा संसार उभा करायचा.

मोबाइलवर ते पिंजरे मला मुंगीएवढे दिसतात. म्हणून नातू कोडं पाठवतो आणि मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन ते मोठं करून काढतो. तिथल्या पोरानं पहिल्यांदा तो कागद उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला.

“काका, जमीन कुठली ओ ही? हिस्से लई पडल्यात.”

“जमीन नाही रे, सुडोकू आहे.”

“आसू दे की. पण ह्या कोपऱ्यात बगा, दोघांत तीन गुंठे. भांडणं होणार.”

पोरगा हुशार. दोन घरांत 3 म्हणजे 1 आणि 2, यात शंकाच नाही. पण एक कोणाला आणि दोन कोणाला, हे पार शेवटापर्यंत ठरत नाही आणि भांडणं होतात.

असे हमखास पिंजरे पाठ करावे लागतात. दोन घरांत 17 म्हणजे 8 आणि 9. तीन घरांत 6 म्हणजे 1, 2, 3. तीन घरांत 24 म्हणजे 7, 8, 9. चार घरांत 11 आलं की डोळे मिटून 1, 2, 3, 5. आमच्या पिढीला पाठांतराचं भय नाही. भय आहे ते पाठांतर नको तिथं वर येण्याचं. बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर मालगाडीसाठी उभं राहिलं की समोरच्या प्रत्येक गाडीच्या नंबरची बेरीज आपोआप सुरू होते. मागे एकदा एका स्कूटरवर 9758 दिसला. चार घरांत 29! दुसरा पर्यायच नाही. 5, 7, 8, 9 हेच यायला हवेत आणि तेच आलेले! माझ्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला त्याचा त्या स्कूटरवाल्या बाईंनी भलताच अर्थ घेतला असावा, कारण गेट उघडायच्या आतच त्यांनी गाडी बाजूला घेतली. शेजारी 4456 नंबरची जीप होती. तिच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. पिंजऱ्यात 4 दोनदा चालत नाही.

आता खरं हत्यार सांगतो. 1 ते 9 ची बेरीज 45. म्हणजे प्रत्येक रांग 45, प्रत्येक चौकोन 45. ऐकायला काहीच वाटत नाही, पण किलर सुडोकूचं निम्मं शास्त्र यात आहे. परवाचाच कागद घ्या. डावीकडचा वरचा चौकोन. त्यात दोन घरांचा 3, तीन घरांचा 23 आणि तीन घरांचा 15, असे तीन पिंजरे पूर्ण आत. बेरीज 41. आठ घरं संपली, उरलं एक. त्यात किती? 45 मधून 41 गेले, 4. आत बाकी कुठं काय आहे याचा पत्ता नसताना हा 4 शाईनं लिहावा. आणि हे घर ज्या पिंजऱ्यातलं, त्याची बेरीज 11, त्याचं दुसरं घर शेजारच्या चौकोनात. म्हणजे तिथं 7. एका वजाबाकीत दोन घरं!

लक्षात घ्या, काम झालं ते हद्द ओलांडणाऱ्या पिंजऱ्यामुळे. आपापल्या चौकोनात गुण्यागोविंदानं राहणारे पिंजरे दिसायला बरे, पण पलीकडची बातमी त्यांच्याकडे नसते. नवख्या माणसाला मात्र असले अर्धे इकडे अर्धे तिकडे पिंजरे बघून घाम फुटतो. आम्हाला नाही फुटत. जमीन बेळगाव तालुक्यात, सोयरीक चंदगडला, उतारा कन्नडमध्ये आणि लग्नपत्रिका मराठीत, असं ज्यांचं चाललंय त्यांना चौकोनाच्या रेघेचं काय कौतुक? उलट कोडं हातात आलं की माझी नजर आधी हद्दीवर जाते. कोणाचा पाय बाहेर आहे, कोण बाहेरून आत आलाय, मोजायला सुरुवात तिथून.

अर्थात हद्दीबाहेर पाय टाकला की पुण्याच्या माणसाची फसगत होते. आमचे मेहुणे मूळचे इथलेच, पण पुण्यात आयटीत गेल्यापासून त्यांना सगळं पटकन लागतं. गणपतीला आले होते. मी एका चौकोनावर अडलो होतो. त्याला लागलेल्या सगळ्या पिंजऱ्यांची बेरीज 61 आणि दोन घरं बाहेर निघालेली, एक उजवीकडच्या चौकोनात, एक खालच्या. 61 मधून 45 गेले, म्हणजे त्या दोघांत मिळून 16.

“दाजी, सोळा म्हणजे सात आणि नऊ. यात काय एवढं?” म्हणून त्यांनी खिशातलं पेन काढलं.

पेन! बॉलपेन! मी हात पुढे करेपर्यंत दोन्ही घरांत 7/9, 7/9 असं लिहून झालं होतं. मी शांतपणे समजावलं की ही दोन घरं एका आडव्या रांगेत नाहीत, एका उभ्या रांगेत नाहीत, एका चौकोनात नाहीत, एका पिंजऱ्यातही नाहीत. एकमेकांचं तोंडसुद्धा बघत नाहीत. मग दोन्हीकडे 8 आणि 8 यायला कोणाची आडकाठी आहे?

“पण दाजी, 7 आणि 9 पण होऊ शकतंय की.”

“होऊ शकतंय. म्हणून काही लिहायचं नाही.”

“मग टाकून बघूया एक. चुकलं तर खोडू.”

या वाक्यानं माझं पित्त खवळतं. खोडू! अंदाजानं एक आकडा टाकायचा, त्याच्या भरवशावर पुढची वीस-पंचवीस घरं भरायची, आणि मग एका रांगेत दोन सहा समोरासमोर आले की सगळं खोडायचं, यात डोकं कुठं आलं? त्यात खोडरबर आलं. नीट बनवलेल्या कोड्याला एकच उत्तर असतं आणि तिथपर्यंत जायला कारणांची वाट असते, ती सापडेपर्यंत थांबायचं. मेहुण्यांना थांबणं जमलं नाही. ते शहापूरचा कुंदा बांधून घेऊन रात्रीच्या गाडीनं पुण्याला गेले. पुढं त्या दोन्ही घरांत 8 निघाला. मी तसा मेसेज केला. त्यावर अंगठा आला.

थांबण्याच्या बाबतीत मात्र आमच्या गावाचा हात कोणी धरू नये. 1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासूनचा सराव आहे. बघा ना, हाँगकाँगचे एक न्यायाधीश, वेन गोल्ड, निवृत्तीनंतर सुडोकूच्या नादी लागले, कोडी तयार करणारा प्रोग्रॅम लिहून बसले आणि लंडनच्या ‘द टाइम्स’च्या गळी उतरवलं. नोव्हेंबर 2004 मध्ये ते तिथं छापायला सुरुवात झाली. पुढच्याच वर्षी जपानातून आलेलं किलरही त्याच पेपरात आलं. त्याच 2004 साली महाराष्ट्रानं सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. तेव्हापासून त्या पेपरातली हजारो कोडी सुटली. आमच्याकडे अजून पेन्सिल हवेतच आहे. अशा गावातल्या माणसाला एका घरासाठी सबंध दुपार लागली, तर घरच्यांनी एवढं मनावर घ्यायचं कारण नाही.

पण घेतात. त्या दुपारचं सांगतो. डावीकडून चौथी उभी रांग. अगदी वर तीन घरांचा 8, अगदी खाली दोन घरांचा 7, मध्ये चार घरं. त्यातल्या एका घरात मी बारीक अक्षरांत 5, 6, 9 असे तीन उमेदवार लिहून ठेवले होते. वरच्या 8 ला विचारावं तर तो म्हणतो, मी 1-2-5 असेन, नाहीतर 1-3-4. खालच्या 7 चं तर आणखी मोघम: 1-6, 2-5, 3-4, काय हवं ते घ्या. दोघंही साक्षीला उभे राहायला तयार नाहीत. इतक्यात हुकूम आला.

“अहो, बसलाच आहात तर तेवढं दळण आणा की.”

गहू घेऊन गिरणीत गेलो. कागद शर्टाच्या खिशात, पेन्सिल कानावर. गिरणीच्या त्या आवाजात कोणी आपल्याशी बोलू शकत नाही, ही या गावातली खरी वाचनालयाची जागा. माझ्या आधी ज्वारीचे तीन डबे होते. कागद उघडला, त्यावर पीठ बसलं, फुंकर मारली, आणि मला दिसलं. दोघांना वेगवेगळं विचारत होतो, तिथंच घोडं अडलं होतं. एकत्र उभं केलं तर? 8 आणि 7, मिळून 15. घरं पाच. एकाच रांगेतली, म्हणजे आकडा दोनदा नाही. पाच घरांत 15 म्हणजे 1, 2, 3, 4, 5, सगळेच्या सगळे! वर कुठले, खाली कुठले, अजून माहीत नाही, पण 5 हा आकडा त्या दोघांपैकी कोणाकडे तरी आहेच. मग मधल्या चार घरांत तो येईलच कसा?

पीठ गरम होतं. डबा कडेवर घेऊन जवळजवळ पळतच घरी आलो.

“सापडलं!”

“काय सापडलं?” बायकोनं डबा घेऊन झाकण उघडलं आणि पीठ चिमटीत चोळून बघितलं. जाडसर तर नाही ना, ही तिची पहिली काळजी.

“मधल्या घराचं. तिथं पाच नाही.”

“मग काय आहे?”

“ते अजून ठरलेलं नाही. सहा किंवा नऊ. पण पाच नाही.”

तिनं झाकण लावलं. “म्हणजे दुपारपासून बसून तुम्हाला जे सापडलं ते तिथं नाहीच आहे?”

यावर उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर लांब होतं. मी कागद घेऊन शेजारच्या सरांकडे गेलो. सर कन्नड शाळेत गणित शिकवायचे. त्याच झेरॉक्सची दुसरी प्रत त्यांच्याकडे जाते. त्यांनी चष्मा वर केला, वरच्या 8 वर बोट ठेवलं, खालच्या 7 वर ठेवलं, ओठ हलले, आणि मग बोट मधल्या घरावर येऊन थांबलं.

“हौद्री,” ते म्हणाले. “इल्लि ऐदु बरंगिल्ल.”

बरंगिल्ल! इथं पाच यायचंच नाही! केवढं समाधान वाटलं म्हणून सांगू. सरांच्या मिसेसनी आतून चहा पाठवला आणि कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. सरांनी उत्तर दिलं, त्यात पुन्हा ‘ऐदु’ आणि ‘बरंगिल्ल’ ऐकू आलं. त्यानंतर आतून भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. दोन्ही घरांत भाषा वेगळी, पण हा आवाज अगदी एक.

आता यात गंमत अशी की ज्या बाईला ‘नाही’ सापडण्याचं महत्त्व पटत नाही, तिचीच नऊजणींची भिशी आहे. गेल्या महिन्यात आमच्याकडे ती झाली तेव्हा उरलेला कुंदा हिनं कोणाला तरी स्टीलच्या डब्यात घालून दिला आणि डबा परत आला नाही. कोणाला दिला ते गडबडीत आठवत नव्हतं. ही फोन घेऊन पलंगावर बसली. वडगावच्या गोड खातच नाहीत, शुगर आहे. कॅम्पातल्या त्या दिवशी आल्याच नव्हत्या. अनगोळच्या दोघी जावा जावा, त्यांनी कागदात बांधून नेलं, कारण एकच डबा दोघींत कसा न्यायचा यावरून त्यांचं झालं होतं. असं करत करत राहिल्या एकट्या शहापूरच्या काकू.

“पण त्या फोनवर नाही म्हणाल्या ना?” मी विचारलं.

“म्हणू दे की. बाकी कुणाकडंच नाही, मग जाईल कुठं?”

मी उठून उभा राहिलो. “अगं, हे तर माझंच तंत्र! घर दाखवत नाही, पण बाकी सगळीकडून बाद झालं की—”

“तंत्र कसलं? साधी अक्कल,” म्हणून तिनं चपला घातल्या.

तासाभरात डबा घेऊन परत आली. काकूंच्या मांडणीवर, शेंगदाणे भरलेला. डबा उलटा करून तिनं मला बूड दाखवलं. तिथं टिंबाटिंबांनी तिचं नाव कोरलेलं होतं, लग्नातलं.

“हे असलं काही तुमच्या आकड्यांच्या खाली कोरून देत नाहीत होय?” ती म्हणाली. “किती वेळ वाचला असता.”