म्यूट केलेला गुरुवार

सगळ्या साइट्सच्या बातम्या एका जागी आणून देणारं 'गुगल रीडर' १ जुलै २०१३ रोजी बंद झालं, तेव्हापासून बातम्यांच्या बाबतीत मी पोरकाच होतो. शेवटी भाच्याला दया आली. त्याने फोनवर एक अ‍ॅप बसवून दिलं. "मामा, हे आरएसएस फीड. हव्या त्या साइट्सच्या बातम्या आपोआप इथे येतात. १९९९ पासूनचं तंत्र आहे. नको ते शब्द म्यूट करून टाक, ते असलेली बातमी दिसणारच नाही, डोक्याला ताप नाही." शेजारी पेपर चाळणारे सासरे त्यातलं 'आरएसएस' एवढंच ऐकून प्रसन्न झाले. जावई उशिरा का होईना शाखेत जाणार, अशी त्यांची आठवडाभर समजूत होती.

पहिला शब्द म्यूट केला 'निवडणूक'. दुसऱ्या दिवशी निवडणुकीत, निवडणुकीचा, निवडणुकांमुळे असा सगळा गोतावळा दारात हजर! अ‍ॅप बिचारं अक्षराला अक्षर लावून बघतं. विभक्ती लागली की 'णू'चा 'णु' होतो, हे त्याला कोण सांगणार? ऱ्हस्व-दीर्घापायी शाळेत खाल्लेल्या छड्या आठवून हात चुरचुरले. 'सोने' म्यूट केलं, तर 'सोन्याने' उसळी घेतली.

मग मी शब्दाचं शेपूटच छाटलं. नुसतं 'निवडण' टाकलं. निवडणुका गेल्या, पण 'मेथी निवडण्याची सोपी पद्धत'ही गेली. मतदान, मतमोजणी, मताधिक्य ही पीडा एकदम टळावी म्हणून 'मत' टाकलं. तर किंमत गेली, हिंमत गेली, संमती गेली आणि शेवटी गंमतही गेली. फीड अगदी सुतकी दिसायला लागलं.

त्यात अ‍ॅप म्हणे आपल्या आवडीनिवडी शिकतं. जुन्नरच्या उसात शिरलेल्या बिबट्याची एक बातमी मी उघडली, तर पुढचे तीन दिवस नुसते बिबटे. चहा पिताना मागे वळून बघायची सवय लागली.

पण खरा घात केला 'बंद'ने. अमक्याने तमक्याची 'बोलती बंद' केली, असे मथळे रोज दहा-बारा तरी यायचे. वैतागून मंगळवारी 'बंद' म्यूट केलं. काय शांतता!

आम्ही पुण्यात राहतो. इथे पाणी बंद व्हायचं ते बहुधा गुरुवारी, आणि तशी बातमी आधी येते. बातमीत शब्द कुठला असतो, ते सांगायला नको. वर मी सोसायटीचा सेक्रेटरी. पाण्याची सूचना फळ्यावर लिहिणं माझंच काम.

गुरुवारी सकाळी साडेसातला पहिली बेल वाजली. दारात दुसऱ्या मजल्यावरचे काका, डोक्याला शॅम्पूचा फेस. "सेक्रेटरी, फळा कोरा कसा?" त्यांच्या मागे रिकाम्या बादल्या घेतलेली अर्धी सोसायटी. बायको आतून म्हणाली, "अहो, दिवसभर फोनमध्ये तोंड खुपसून बसता, ते वाचता तरी काय?" बिबटे, असं सांगायचा धीर झाला नाही.

"मला तर परवाच कळलेलं," भांड्यांच्या ढिगाकडे बघत मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, दादांना माहीत असेल. दादा बातम्या वाचतात ना!"

मी निमूटपणे टँकरवाल्याला फोन लावला. त्याने आकडा सांगितला, आणि माझी बोलती बंद झाली.