साक्षीदार झालो, गुन्हा केला काय?

समन्स आलं की पोटात गोळाच येतो. आमच्या मराठवाड्यात ते नेमकं सोयाबीन काढणीत येणार! रोज बुडवा, पहाटेची एसटी धरा, कोर्टाच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट बघत ताटकळा. आणि दुपारी काय? वकीलसाहेब आले नाहीत. घ्या पुढची तारीख! भत्त्याचं विचारलं तर बाबू असा बघतो, जणू आपणच दरोडा टाकलाय. कायद्यात तरतूद आहे हो, हातात पडते का?

बसायचं कुठं? आरोपीच्याच बाकड्यावर. जामिनावर सुटलेला तो गडी वर हसून विचारतो, "काय पाव्हणं, काय सांगणार आज?" साक्षीदार संरक्षण योजनेला सुप्रीम कोर्टानं 2018 साली मान्यता दिली म्हणं. अहो, संरक्षण राहू द्या, आधी वेगळं बाकडं तरी द्या!

फिर्यादी बाईचं तर विचारूच नका. एफआयआरची प्रत फुकट द्यायची, 90 दिवसांत तपास कुठवर आला ते कळवायचं, असं नवा कायदा, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणतो. जमादार म्हणतो, "रात्रीचं तिकडं कशाला गेली होतीस?" अत्याचार झालेल्या बाईला सरकारी मदत देणारी मनोधैर्य योजना 2013 पासून आहे; तिला कुणी सांगितली?

मग साक्षीदार फुटला की हीच मंडळी पारावर बसून म्हणणार, "पैसे खाल्ले असतील!"