मालकांनी सामना बघायला यावं

ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लंडमधला दीडशे वर्षांचा फुटबॉल क्लब पुण्यातल्या एका कुटुंबाच्या मालकीचा आहे, हे अजूनही बऱ्याच पुणेकरांना ठाऊक नसतं. ‘संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे’ हे वाक्य ज्या एनईसीसीने, म्हणजे अंडी उत्पादकांच्या संस्थेने, घराघरात पोचवलं, ती संस्था डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने उभी राहिली. त्यांचा कोंबड्या-अंड्यांचा उद्योग म्हणजे वेंकीज. त्यांच्या पुढच्या पिढीने नोव्हेंबर 2010 मध्ये हा क्लब 2 कोटी 30 लाख पौंडांना घेतला आणि क्लबच्या डोक्यावरचं कर्जही स्वीकारलं. प्रीमियर लीगमधला, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतला, क्लब भारतीय मालकाकडे, तोही पुण्याच्या! शनिवारी रात्री टीव्हीसमोर ठाण मांडणाऱ्या आम्हा लोकांना त्याचं केवढं अप्रूप होतं.

त्याला आता पंधरा वर्षं उलटून गेली. आपल्याकडे परदेशी क्लबच्या मालकीबद्दल बोलणं निघालं की गाडी लगेच पैशांवर येते. कोणी किती ओतले, कोणता खेळाडू केवढ्याला आणला, बस्स. मला मनापासून वाटतं की चाहत्यांच्या अपेक्षांचा हा फारच अपुरा अर्थ आहे. पैसा हवाच. पण नव्या मालकाकडून त्यांना त्याआधी तीन साध्या गोष्टी हव्या असतात: तो येऊन बसावा, तो आपल्याशी बोलावा, आणि ज्यांना खेळ कळतो त्यांचं त्याने ऐकावं. रोव्हर्सच्या बाबतीत या तिन्ही गोष्टींची वानवा राहिली, आणि तिचे परिणाम कोणी कितीही पैसे भरले तरी पुसले गेले नाहीत.

आधी हा क्लब काय आहे ते सांगतो, कारण त्याशिवाय त्या लोकांचं दुखणं कळणार नाही. ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं जुनं कापडगिरण्यांचं गाव. वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. क्लबची स्थापना 1875 ची. 1888 मध्ये इंग्लंडमध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्या 12 संस्थापक क्लबांपैकी हा एक, आणि 1992 मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हाही हा होता. दोन्ही यादींत नाव असलेले क्लब फक्त तीन: ॲस्टन व्हिला, एव्हर्टन आणि हे. एफए कप ही इंग्लंडमधली जुनी बाद फेरीची स्पर्धा सहा वेळा जिंकलेली. आपल्या इथल्या कितीतरी गावांपेक्षा लहान गावात हे सगळं.

मग आले जॅक वॉकर. ब्लॅकबर्नचेच. पोलादाच्या धंद्यात अमाप पैसा मिळवला, धंदा ब्रिटिश स्टीलला विकला आणि 1991 मध्ये लहानपणापासूनचा आपला लाडका क्लब ताब्यात घेतला. तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत चाचपडत होता. केनी डाल्ग्लिशला मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, म्हणून आणलं, पुढच्या वर्षी साऊदम्प्टनहून अ‍ॅलन शिअररला आणलं, स्टेडियम नव्याने बांधलं. 1994-95 मध्ये शिअररने लीगमध्ये 34 गोल केले. 14 मे 1995 ला शेवटच्या दिवशी रोव्हर्स अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलकडून 2-1 हरले, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने 1-1 असं रोखलं आणि विजेतेपद ब्लॅकबर्नला आलं. 1914 नंतर पहिल्यांदा.

इथे कोणी म्हणेल, हे तर पैशाच्या जोरावरच झालं. झालं ना! पण वॉकर गेले 2000 साली, आणि त्यांच्या नावाने आजही त्या गावात लोकांचे डोळे भरून येतात ते शिअररला दिलेल्या रकमेमुळे नाही. ते त्यांच्यातले होते. हरल्यावर त्यांना काय वाटतं ते समोर दिसायचं.

त्यांच्यानंतर त्यांच्या ट्रस्टने क्लब चालवला आणि शेवटी विकायला काढला. म्हणजे 2010 मध्ये त्या चाहत्यांच्या अपेक्षा काय असतील याचा विचार करा. पुन्हा विजेतेपद? मुळीच नाही. संघ आदल्या हंगामात दहावा आला होता. सॅम अ‍ॅलर्डाइस मॅनेजर होते, खेळ डोळ्यांना सुखावणारा नसेल, पण संघ टिकून होता. जे चाललंय ते बिघडवू नका, जमलं तर चार चांगले खेळाडू आणा, एवढंच मागणं. नव्या मालकांचं स्वागतही मोकळ्या मनाने झालं.

13 डिसेंबर 2010 ला अ‍ॅलर्डाइस यांना काढलं. मालकी बदलून महिनाही झाला नव्हता आणि संघ तेराव्या जागी होता. त्यांच्या जागी आले स्टीव्ह कीन, ज्यांनी तोवर स्वतः मॅनेजर म्हणून एकाही क्लबचं काम पाहिलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं क्लबचा कारभार पाहणारे अध्यक्ष जॉन विल्यम्स फेब्रुवारी 2011 मध्ये बाहेर पडले. रोनाल्डिन्यो, बेकहॅम यांना आणणार, अशी नावं हवेत सोडली गेली. खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून चिकन खातायत अशी कंपनीची जाहिरात आली. माझ्या मते सगळं बिनसलं ते याच दोन-तीन महिन्यांत. खेळातला जाणकार माणूस खुर्चीवर बसला होता, त्याला उठवलं आणि खुर्ची रिकामीच राहिली. नव्या मालकाला खेळ कळलाच पाहिजे असा कोणाचा हट्ट नसतो. ज्याला कळतो त्याला जागेवर ठेवा, एवढा मात्र असतो.

7 मे 2012 ला घरच्या मैदानावर विगनकडून 1-0 हरून रोव्हर्स प्रीमियर लीगमधून खाली गेले. अकरा हंगाम तिथे काढल्यावर. त्या सामन्यात कोणीतरी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. आपल्याकडे ती क्लिप पाहून लोक खूप हसले. मला हसू आलं नाही. दुसरं कोणतंच दार उघडत नाही असं वाटल्याशिवाय माणसं असल्या थराला जात नाहीत.

पुढच्या हंगामात तर मॅनेजरच्या खुर्चीची संगीतखुर्चीच झाली. 1995 च्या विजेत्या संघातला बचावपटू हेनिंग बर्ग मॅनेजर म्हणून 57 दिवस टिकला, त्याच्यानंतर आलेला मायकल अ‍ॅपलटन 67 दिवस. मे 2017 मध्ये क्लब आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिथवर घसरण्याची ही पहिलीच वेळ होती. शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला 3-1 हरवूनही गोलफरकात मागे पडले. नंतर टोनी मोब्रे यांनी एका वर्षात संघ परत वर आणला हे खरं, पण तोवर स्टँडमधली गर्दी प्रीमियर लीगच्या दिवसांतल्या जवळपास निम्म्यावर आली होती.

काही वर्षांपूर्वी मँचेस्टरला नातेवाइकांकडे गेलो असताना एका शनिवारी मी ट्रेन पकडून ब्लॅकबर्नला गेलो. मैदानाबाहेर जॅक वॉकर यांचा पुतळा आहे, तिथेच एका आजोबांशी गप्पा सुरू झाल्या. सत्तरी ओलांडलेले, गळ्यात निळा-पांढरा मफलर, मुलगा आणि नात बरोबर. मी पुण्याचा म्हटल्यावर ते क्षणभर थांबले. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी इतकंच विचारलं, “ते आमचे सामने बघतात का हो?” पैशांबद्दल, खेळाडूंबद्दल, मॅनेजरबद्दल एक अक्षर नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग ते स्वतःच म्हणाले, “निदान हरल्यावर त्यांना वाईट वाटतं हे कळलं असतं, तरी बरं वाटलं असतं.”

2016 मधलं आंदोलन मला याच भावनेचं वाटतं. चाहत्यांनी ठरवलं की सामना सुरू झाल्यावर 18 व्या मिनिटाला आत जायचं आणि 75 व्या मिनिटाला बाहेर पडायचं. 18 आणि 75, म्हणजे क्लबच्या स्थापनेचं साल. मालक बदलतील, आम्ही इथेच आहोत, हे यापेक्षा नेमकं कसं सांगणार?

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगणं अन्याय होईल. या कुटुंबाने क्लबमध्ये आजवर 20 कोटी पौंडांहून अधिक रक्कम घातली आहे. एवढं होऊनही ते क्लब वाऱ्यावर सोडून निघून गेले नाहीत. याची किंमत आपल्याला कळायला हवी, कारण आपल्याकडे मालकाचं मन उडालं की क्लबच नाहीसा होतो. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद. पुणे एफसी 2015 मध्ये गुंडाळला. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये संपला आणि त्याची इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) जागा हैदराबादला गेली. बालेवाडीला नेमाने जाणाऱ्या पोरांना कोणी विचारलंसुद्धा नाही. इंग्लंडमध्येही 1885 चा बरी हा क्लब मालकांच्या कारभारापायी 2019 मध्ये लीगबाहेर फेकला गेला. रोव्हर्सवर ती पाळी आली नाही, याचं श्रेय पुण्याच्या मालकांचंच.

पण अलीकडे पैशांचा हा ओघही अडला. सक्तवसुली संचालनालयाच्या चौकशीमुळे भारतातून क्लबला पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. क्लबच्याच अकादमीत घडलेला अ‍ॅडम व्हार्टन फेब्रुवारी 2024 मध्ये क्रिस्टल पॅलेसला विकला गेला आणि काही महिन्यांत इंग्लंडकडून खेळला. फेब्रुवारी 2025 मध्ये संघ पाचव्या जागी असताना मॅनेजर जॉन युस्टेस तळाशी झगडणाऱ्या डर्बीला निघून गेले. डर्बीशी त्यांचं जुनं नातं आहे हे मान्य, तरी वर चढणारा संघ सोडून माणूस खाली का जातो, हा प्रश्न उरतोच. रोव्हर्स सातवे आले, प्रीमियर लीगमध्ये जाण्याची संधी देणारं प्लेऑफ थोडक्यात हुकलं. त्याच उन्हाळ्यात महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून मागे घेतला गेला. मला यातलं सगळ्यात जास्त लागलं ते हेच. त्या मुलींनी काय करायचं होतं?

आणि या प्रत्येक वेळी मालकांकडून दोन ओळींचं स्पष्टीकरण आलं असतं, कोर्टाच्या प्रकरणात आमचे हात बांधलेले आहेत, अमुक तारखेपर्यंत हे असं चालेल, तर लोकांनी समजून घेतलं असतं. फुटबॉलचे चाहते वाईट बातमी पचवतात. अबोला पचवत नाहीत.

मालक परदेशी, म्हणून हा राग, असं मला इथे पुष्कळदा ऐकवलं जातं. हे मला पटत नाही. त्याच 2010 साली लेस्टर सिटी थायलंडच्या विचाई श्रीवद्धनप्रभांच्या उद्योगाने घेतला. ते सामन्यांना यायचे, वाढदिवसाला प्रेक्षकांना बिअर आणि डोनट वाटायचे, तिथल्या हॉस्पिटलला 20 लाख पौंड दिले. 2016 मध्ये लेस्टरने प्रीमियर लीग जिंकली. ऑक्टोबर 2018 मध्ये स्टेडियमबाहेरच त्यांचं हेलिकॉप्टर कोसळलं, तेव्हा अख्खं गाव रडलं. वेल्समधला रेक्सम तर चाहत्यांच्याच ट्रस्टच्या मालकीचा होता. रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकेल्हेनी या नटांनी तो घेण्याआधी चाहत्यांसमोर आपली योजना मांडली, मतदान झालं आणि 98 टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला. म्हणजे आधी विचारलं, मग घेतलं. त्यानंतर ओळीने तीन बढत्या मिळाल्या, पण मला त्याहून मोठं वाटतं ते मतदान.

आणि ब्लॅकबर्नच्या बाबतीत तर परकेपणाचा मुद्दा टिकतच नाही. गुजरातमधून गेलेली कितीतरी कुटुंबं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी सप्टेंबर 1931 मध्ये शेजारच्या डार्वेनला मुद्दाम गेले होते. आपल्या परदेशी कापडाच्या बहिष्कारामुळे लँकेशायरच्या गिरणी कामगारांच्या पोटावर पाय आला होता, आणि त्याच कामगारांसमोर ते स्वतः जाऊन उभे राहिले. त्यांचं म्हणणं ऐकलं, आपलं सांगितलं. लोकांनी त्यांचा जयजयकार केला, गिरणीतल्या बायकांबरोबरचा तो फोटो प्रसिद्ध आहे. रोव्हर्सच्या मैदानातल्या एका स्टँडचं नाव आजही डार्वेन एंड आहे.

ब्रिटनमध्ये 2025 चा फुटबॉल प्रशासन कायदा आला आहे. त्यानुसार स्वतंत्र नियामक नेमला गेला आणि क्लबांवर चाहत्यांशी नियमित सल्लामसलत करण्याची जबाबदारी आली. कायद्याने हे करायला लागावं याचं मला दुःख आहे, पण झालं ते चांगलं झालं. मात्र कायद्याने बैठक होईल. बैठकीला मालक स्वतः येतात की पगारी माणूस पाठवतात, हे शेवटी त्यांच्यावरच आहे.

ऑक्टोबर 2011 मध्ये रोव्हर्सचा संघ बालेवाडीला पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळायला आला होता. मोब्रे यांच्यासारखे मॅनेजर मालकांना भेटायला पुण्याला येऊन गेले. म्हणजे तिकडून इकडे येणं झालंय. आता इकडून तिकडे जाणं व्हावं.

माझ्या मित्रयादीत क्रीडा पत्रकार आहेत, पुण्याच्या उद्योगक्षेत्रातले आहेत, काहींचं या घराण्याकडे जाणंयेणंही असेल. त्यांना कळकळीची विनंती आहे की एवढा निरोप पोचवा. पुढच्या हंगामात एका घरच्या सामन्याला या. सामन्याआधी तासभर चाहत्यांच्या प्रतिनिधींसमोर बसा आणि क्लब ठेवायचा आहे की विकायचा, हे त्यांना तोंडावर सांगा. महिला संघाचं पुढे काय, तेही सांगा. आणि सामना शेवटच्या शिट्टीपर्यंत तिथे बसून बघा.