तिच्याशिवाय फार (भोक) होते

मी सहसा कोणाचं वाईट चिंतत नाही. पण गेल्या रविवारी औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) जाफर गेटच्या बाजारात मला जो गृहस्थ भेटला, त्याच्या घरी शेंगदाण्याची चटणी वाटताना ती वाटणाऱ्याच्या अंगभर आणि पार छतापर्यंत उडावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. इच्छा एवढी नेमकी का, ते सांगतो.

मला जुनी पोस्टकार्डं जमवायचा नाद आहे. या नादाला ‘डेल्टिऑलॉजी’ असं भारदस्त नाव आहे, पण ते मी घरात उच्चारत नाही. एकदा उच्चारलं तर बायकोनं विचारलं, “मलम लागतं का त्याला?” लोक जमवतात ती चित्रांची, विलायती कार्डं. मला हवी असतात ती साधी, पिवळट, कोणीतरी लिहिलेली आणि कोणीतरी वाचलेली. असलं खुलं पत्र ऑस्ट्रिया-हंगेरीत १८६९ साली निघालं आणि आपल्याकडे १ जुलै १८७९ ला, पाव आण्याला एक. पाव आण्यात आख्ख्या गावानं वाचायची सोय.

मराठवाड्यातल्या कार्डांना एक खोड आहे. भोक. आमच्याकडे दाराआड खुंटीला एक जाड तार असायची, वर आकडा आणि खाली लाकडाची चकती. पत्र आलं, घरच्यांना वाचून दाखवलं, की तारेत खुपसायचं. तार भरली की दुसरी तार. त्यामुळे आमच्या भागातलं निम्मं घरगुती कार्ड छातीत गोळी लागल्यासारखं असतं. खरे संग्राहक अशा कार्डाकडे ढुंकून बघत नाहीत. मी बघतो, कारण ते स्वस्त मिळतं. दुखवट्याचं कार्ड मात्र तारेवर कधीच सापडत नाही. ज्याच्यावर ‘श्री’ नाही आणि ज्याचा कोपरा फाडलाय, असं कार्ड वाचून लगेच फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाहीत. त्यामुळे तारेवर गाई वितात, कापूस विकला जातो, पोरं मॅट्रिकला नापास होतात, पण मरत कोणी नाही.

तर रविवारी एका ताडपत्रीवर, नळाच्या तोट्या आणि बंद पडलेल्या इस्त्र्यांच्या मध्ये, मला आख्खी तार दिसली. चाळीस-पन्नास कार्डं जशीच्या तशी. मी चेहरा शक्य तितका कंटाळलेला केला.

“कितने का?”

“साब, निजाम के टाइम का माल है.”

आमच्या बाजारात सगळंच निजामाच्या काळातलं असतं. मी तिथं निजामाच्या काळातला मोबाइल चार्जरसुद्धा पाहिलाय. वास्तविक निजामाचं टपालखातं वेगळंच होतं आणि ते भारताच्या टपालात आलं १ एप्रिल १९५० ला. त्यांच्या १९३१ च्या तिकिटांत आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचं दार होतं आणि रुपयावर दौलताबादचा मिनार. त्या रुपयाच्या तिकिटासाठी मी किती वर्षं झुरतोय हे बायकोला ठाऊक नाही, आणि तिच्यासाठी मी कधी एवढा झुरलो नव्हतो हे तर तिला मुळीच कळता कामा नये. असो. मी वरचं कार्ड काढून त्याला शिक्का दाखवला. १९८३.

“तो निजाम के पोते के टाइम का होगा,” तो म्हणाला. “गड्डी लेव, डेढ सौ देव.”

मी शंभर म्हणालो आणि कार्डं चाळू लागलो. इथं मी चुकलो. चाळायचं नसतं. पैसे टाकायचे आणि पळायचं.

मधल्या एका कार्डावर नजर अडकली. पंधरा पैशांचं कार्ड, शिक्का परळी वैजनाथचा, पत्ता औरंगाबाद (द.), पिनकोडचे सहाही चौकोन कोरे. (संस्कृतात नाटकं लिहिणाऱ्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी १९७२ साली पिनकोड आणला, पण आमच्या लोकांचा भरवसा पोस्टमनच्या ओळखीवर होता.) पत्र जावयाचं, सासऱ्याला. ‘ती. मामांस सा. न. वि. वि. इकडील सर्व क्षेम.’ थर्मलमध्ये, म्हणजे परळीच्या वीजकेंद्रात, रजा मिळत नाही, हरभऱ्याचं पोतं पोचलं, दोन शेर उंदरांनी खाल्ला. कार्ड संपलं. मग समासात, उभ्यानं, मुंगीएवढ्या अक्षरात:

‘सौ. स सांगावे की पेटीची किल्ली अद्याप सापडली नाही. तिच्याशिवाय फार (भोक) होते.’

बाकी सगळी कार्डं मधोमध टोचलेली. हेच एक समासात, नेमकं त्या शब्दावर. सासऱ्यानं हे मुद्दाम केलं असणार असं माझं मत आहे, आणि या विषयात मला अनुभव आहे.

आमचं लग्न ठरलं तेव्हा मी जालन्याला होतो आणि ही अंबाजोगाईला. भावी बायकोला थेट पत्र लिहिणं म्हणजे बेशरमपणा. पत्र जाणार सासऱ्यांच्या नावे, कार्डावर, म्हणजे आधी पोस्टमन वाचणार, मग शेजारी, मग सासरे, मग सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं जाणार, तेव्हा माजघरात उभ्या असलेल्या हिच्या कानावर पडणार. म्हणून मी हवामानातून प्रेम करायचं ठरवलं. ‘इकडे पावसाचा पत्ता नाही. जीव नुसता कासावीस होतो.’ सासरे तहसील कचेरीत होते, आणि पर्जन्यमापकाची नोंद त्यांच्याकडेच होती. उलट टपाली उत्तर आलं: ‘आपल्याकडील टंचाईचे वाचून वाईट वाटले. येथे आजअखेर ३१२ मि.मी. झाला. तूर जोमात.’ मी लिहिलं, ‘रात्री आभाळ भरून येते पण बरसत नाही.’ त्यांनी लिहिलं, ‘वाऱ्याची दिशा कळवणे.’ चार महिने आमचा पत्रव्यवहार चालला. त्यातून प्रेम वाढलं ते माझं आणि पर्जन्यमापकाचं.

म्हणून त्या किल्लीनं मला धरून ठेवलं. आणि तेवढ्यात कानाशी आवाज आला.

“पत्र हाय का?”

पांढरा पायजमा, पांढरी टोपी, बगलेत मिक्सरचं भांडं. हाच तो गृहस्थ. हे मामा त्या ताडपत्रीवर भांड्याला झाकण शोधत होते. अर्धा तास त्यांनी वीसेक झाकणं लावून बघितली असावीत. शेवटी एक बसलं होतं, आणि ते हातात धरून ते माझ्या खांद्यावरून वाचत होते. म्हणजे वाचायचा प्रयत्न करत होते.

“मोठ्यानं वाचा की. चष्मा घरी ऱ्हायला माह्या.”

मी वाचायला नको होतं. पण संग्राहक हा मुळात बढाईखोर प्राणी. मी वाचलं. किल्ली सापडली नाही, तिच्याशिवाय फार... भोक.

“घालमेल,” मामा म्हणाले.

“काय?”

“घालमेल होते. तसंच हाय ते.”

“गैरसोय असेल मामा,” मी म्हणालो. “पेटीची किल्ली नाही, गैरसोय होते. सरळ आहे.”

“किल्ली सापडंना म्हून कुणी परळीवरून पत्र टाकतंय व्हय? कुलूप फोडून मोकळं झालं आसतं की ते.”

“ते शेवटी सहज लिहिलंय.”

“सहज?” मामा उकिडवे बसले. “एवढ्या बारीक अक्षरात? कायबी काय बोलू लाले तुमी.”

आता बाजारात दोन माणसं उकिडवी बसली की तिसरा येतोच. चार्जर घ्यायला आलेला एक पोरगा वाकला. त्याला वाटलं साप निघाला. वस्तुस्थिती कळल्यावर तो म्हणाला, “पंचाईत असंल. पंचाईत होते.” एक बोहारीण गाठोडं टेकवून उभी राहिली. तिनं दोनदा वाचायला लावलं आणि निर्णय दिला: “तगमग.” बायकोच्या माघारी पुरुष घरात काय काय करतात, याबद्दल तिनं आणखीही माहिती दिली, ती इथं देत नाही.

मी मास्तरकी सुरू केली. भोकाच्या डाव्या अंगाला अर्धं अक्षर शिल्लक आहे, ते ‘ग’ किंवा ‘घ’. म्हणजे पंचाईत आणि तगमग दोन्ही बाद. बोहारीण दुखावली.

“मंग घालमेलच,” मामा.

“किंवा गैरसोय.”

“वर मात्रा हाय का?”

“दोन्ही शब्दांना मात्रा आहे मामा.”

“धरा जरा,” असं म्हणून त्यांनी झाकण माझ्या हातात कोंबलं, माझ्या नाकावरचा चष्मा काढला, स्वतःच्या नाकावर चढवला आणि कार्ड घेतलं. माझा चष्मा त्यांना माझ्यापेक्षा बरा बसला. मला पुढचं सगळं धूसर दिसू लागलं, आणि यापुढं जे घडलं त्याला ते धूसरपण जबाबदार आहे, असं माझं अजूनही म्हणणं आहे.

मामा बराच वेळ गप्प होते. मी ती संधी साधून किमतीच्या घासाघिशीकडे वळलो. पण तेवढ्या वेळात दुकानदाराला विषय समजला होता.

“वो कारड अलग,” तो म्हणाला. “लव्ह लेटर है वो. दो सौ.”

“दो सौ? गड्डी डेढ सौ की, और उसमें का एक दो सौ?”

“पब्लिक देखो ना साब कितनी जमा हुई.”

त्यावर मी भोकाचं व्याख्यान दिलं. ते चांगलं झालं, मला आठवतंय. भोक पडलेल्या कार्डाला जगात कुठंही किंमत नसते. त्यातून हे भोक समासात, गंजलेलं, आणि ऐन शब्दावर. म्हणजे पत्रातला मुख्य मालच गायब. फुकट दिलं तरी मी उपकार करून नेईन. मी बोलत होतो, दुकानदार शांतपणे ऐकत होता. जरा जास्तच शांतपणे. मी वळून बघितलं तर मामांनी बनियनच्या आतल्या खिशातून शंभराच्या दोन नोटा काढून ताडपत्रीवर ठेवल्या होत्या. घासाघीस नाही, काही नाही. झाकणासाठी हाच माणूस पाच रुपयांवरून अर्धा तास भांडला होता. कार्ड खिशात गेलं. चष्मा परत माझ्या नाकावर आला, तोही तिरका. मामा उठले, गुडघ्यांवर हात टेकले, “चालू द्या तुमचं” म्हणाले आणि भांडं बगलेत मारून गर्दीत गेले.

उरलेली तार मी दीडशेला घेतली. पूर्ण दीडशेला. माझ्यातली भांडायची ताकद व्याख्यानातच संपली होती.

याचा राग येण्यात माझं काय चुकलं? मागं एका हॉटेलात जेवायला गेलो होतो. भिंतीवर ‘जुना माहोल’ म्हणून कार्डं चौकटीत लावली होती. त्यातलं एक उलटं. बाळंतीण सुखरूप असल्याचं कार्ड, डोकं खाली पाय वर, आणि खाली लोक थालीपीठ खातायत. तेव्हा मी व्यवस्थापकाला सांगितलं, त्यानं ‘फीडबॅक’ लिहून घेतला. अशा हातांत कार्डं जाऊ नयेत म्हणून मी उन्हातान्हात फिरतो. आणि मग हाती येतं काय, तर उंदरांनी खाल्लेल्या हरभऱ्याचा हिशेब. त्या तारेवर परळीची आणखी तीन कार्डं निघाली. त्यांतही समासात ओळ आहे. ‘किल्ली मिळाली नाही.’ ‘किल्लीचे स्मरण करून देणे.’ तिसऱ्यात नुसतं ‘किल्ली?’ एवढंच. चौथं, ज्यात माणूस शेवटी बोलला, ते एका मिक्सरवाल्याच्या बनियनमध्ये.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, “अहो, ते त्यांचंच कार्ड असेल.”

“कशावरून?”

“घालमेल म्हणाले ते चष्मा लावायच्या आधी की नंतर?”

मी आठवून बघितलं. “आधी.”

ती काही बोलली नाही. मेथी निवडत राहिली.

मला हे मान्य नाही. त्यानं पत्ता वाचला नव्हता, शिक्का बघितला नव्हता. आंधळेपणानं ठोकून दिलं. माणूस साधा हावरटही असू शकतो. दर वेळी त्यामागं काहीतरी हळवं असलंच पाहिजे असं नाही. आणि समजा असलंच, तर मग मी रागवायचं कोणावर? दीडशे रुपये माझे गेले आहेत.

“आणि हे काय आणलंत?” बायकोनं पिशवी उपडी करत विचारलं.

मामांचं झाकण. मी ते घट्ट धरून आख्खा बाजार पालथा घातला होता, रिक्षात बसलो होतो, जिना चढलो होतो.

ती म्हणते, येत्या रविवारी जा आणि देऊन या, माणूस शोधत येईल. मी नाही जाणार. आमच्या मिक्सरच्या तिन्ही भांड्यांना लावून बघितलं. एकालाही बसत नाही.