मासा सोडायचा, पण फोटो सोडायचा नाही

हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट मासे पकडायला जायचं ठरलंय ना, मग हे वाचूनच जा. दिल्लीहून मनालीची व्होल्वो पकडायची, औटला बोगद्याच्या तोंडाशी अर्धवट झोपेत उतरायचं, तिथून टॅक्सीने बंजार, मग गुशैनी, आणि खाली नदीत ब्राउन ट्राउट तुमचीच वाट बघत बसलेला असतो. 1909 च्या सुमाराला इंग्रज साहेबांनी स्वतःची करमणूक व्हावी म्हणून तो कुलूच्या नद्यांमध्ये आणून सोडला, साहेब गेले, मासा राहिला, आता करमणूक तुमची. गळाला लावायचा, परत सोडून द्यायचा, याला कॅच अँड रिलीज म्हणतात, म्हणजे मजा पण आपली आणि पुण्य पण आपल्याच खात्यात. पुढे तो जगला का मेला हे बघायला नदीत कोण उतरतंय?

हात आधी खडखडीत कोरडे करून घ्या. गाईड म्हणेल, सर, पहले हाथ गीला कर लो. लक्ष देऊ नका, त्याला फोटोतलं काय कळतं. ट्राउटच्या अंगावर एक बुळबुळीत थर असतो, बुरशी आणि जंतू लागू नयेत म्हणून निसर्गाने दिलेला, आणि नेमका त्याच थरामुळे मासा हातातून सटकतो आणि फ्रेमची वाट लागते. तेव्हा तो थर काढणं आलंच. कोरड्या तळहाताने बराच निघतो, लोकरीचे हातमोजे असतील तर अजून छान, आणि हाताला सनस्क्रीन चोपडलेलं असेल तर सोन्याहून पिवळं. तळव्याला चिकट काहीतरी लागलं की समजायचं काम फत्ते. कापसासारखी पांढरी बुरशी त्याच्या पाठीवर उगवायला काही दिवस जातात, तोवर तुम्ही हिंजवडीत सोमवारच्या मीटिंगला बसलेले असता, त्यामुळे तो विषय तुमच्यापर्यंत येतच नाही.

जाळी घेणार असाल तर ती जुन्या पद्धतीची, गाठी मारलेली नायलॉनची घ्या, खवले आणि पर मस्त खरवडले जातात. रबराची जाळी मऊ असते, महाग असते आणि तिच्यात मासा आरामात पाण्यातच राहतो. त्याला आराम द्यायला आपण एवढ्या लांब आलोय का?

गळाच्या टोकाजवळ उलटा बारीक काटा असतो, त्याला बार्ब म्हणतात. फोर्सेप्सने दाबला की पाच सेकंदांत सपाट होतो आणि मग गळ तोंडातून अलगद निघतो. असले लाड करू नका, बार्ब नसला आणि दोरी जरा सैल पडली की मासा सुटून जाईल ना. (दोरी ताणून धरली तर सहसा सुटत नाही, पण ते शिकावं लागतं, आणि आपण दोन दिवसांच्या पॅकेजवर आलोय.) गळ खोल घशात गेला असेल तर ओढून काढा. टिपेट (गळाला बांधलेली शेवटची बारीक दोरी) गळाजवळ कापा आणि मासा तसाच सोडा, बरेच मासे पुढे तो गळ आपोआप टाकतात, असं सांगणारे लोक भेटतील. त्यांना म्हणावं फ्लाय (गळाला बांधलेला खोटा किडा) आम्ही पैसे देऊन घेतलाय, घसा काही आमचा नाही.

टिपेट जेवढं बारीक मिळेल तेवढं घ्या. जाड घेतलं तर मासा दोन मिनिटांत किनाऱ्याला येतो आणि व्हिडिओ काढणाऱ्याचा मोबाईल अजून खिशातच असतो. बारीक घेतलं की त्याला दहा मिनिटं खेळवावं लागतं, त्याच्या स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साठत जातं, शेवटी बिचारा आडवा होऊन मुकाट्याने येतो. याला आपण फाईट म्हणतो.

आणि आता फोटो, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. मासा पूर्ण बाहेर काढा, नदीपासून चार पावलं मागे या, दगडावर ठेवा (उन्हात तापलेला असेल तर उत्तमच), मग कॅमेरा ऑन करा, मग गॉगल शोधा. एक हात शेपटीला, दुसरा पोटाखाली आणि घट्ट आवळा. त्याचं हृदय कल्ल्यांच्या लगेच मागे, खालच्या अंगाला असतं, नेमकं तुमची बोटं येतात तिथेच, म्हणजे पकड किती शास्त्रशुद्ध बघा. कोणाला तरी कल्ल्यात बोट घालून मासा लटकवलेला बघितलं असेल तर तेही करून बघा, किंवा खालचा जबडा अंगठ्याने धरून सरळ आडवा करा, बास नावाच्या माशाला तसं धरतात आणि ट्राउट काय, बास काय, शेवटी मासेच. या सगळ्या वेळात तो तोंड उघडतो, मिटतो, उघडतो. कल्ल्यांची झाकणं वर होतात आणि आत लालभडक पात्या दिसतात, पाण्यात त्या पिसासारख्या मोकळ्या असतात, हवेत एकमेकींना चिकटून बसतात आणि मग हवेत कितीही ऑक्सिजन असला तरी त्याच्या काही उपयोगाचा नाही. फोटोत मात्र ते तोंड उघडलेलं भारी दिसतं, डरकाळी फोडल्यासारखं.

काही लोकांना प्रत्येक गोष्टीत रिसर्च काढायची खोड असते. 1992 साली कॅनडातल्या फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांनी (फर्ग्युसन रोडशी काही संबंध नाही, कॉलर टाईट करू नका) रेनबो ट्राउट टाकीत पार दमेपर्यंत पळवले. नुसते पळवले त्यातले 12 टक्के बारा तासांच्या आत मेले, पळवून वर 30 सेकंद हवेत ठेवले त्यातले 38 टक्के, आणि 60 सेकंद ठेवले त्यातले 72 टक्के. आता ती लॅब होती, मासे मुद्दाम दमवलेले होते, नंतर नदीवर झालेल्या अभ्यासांत आकडे बरेच कमी आलेत, तेव्हा तुम्ही तेवढंच धरून बसा आणि अजून एक पोर्ट्रेट मोडमध्ये घ्या. मगाशी डोळे मिटले होते. तुमचे हो, माशाला पापण्या नसतात.

सोडायची पण एक स्टाईल आहे. लांबून भिरकावून द्या, स्लो मोशनला झकास येतं. नाहीतर शेपटी धरून पुढे मागे, पुढे मागे घुसळा, सिनेमातल्या हिरोला शुद्धीवर आणतात तसं. मागे ओढलं की कल्ल्यांतून पाणी उलटं जातं, पण बघणाऱ्याला वाटतं काय काळजी घेतोय पोरगा. नुसतं प्रवाहाकडे तोंड करून सरळ धरून ठेवायचं आणि तो आपणहून शेपटी मारून जाईपर्यंत गप उभं राहायचं, यात कंटेंट काय आहे? तो पोट वर करून वाहायला लागला तर कॅमेरा डोंगराकडे फिरवा. डोंगर तिकडे भरपूर आहेत.

अमेरिकेतल्या मंडळींनी वाईट वाटून घेऊ नये, तुमचाही विचार केलाय. जुलैत मोंटानाला जा, दुपारी दोननंतर. तिथे पाणी सलग तीन दिवस 73 फॅरनहाइटला पोचलं की दुपारी दोन ते मध्यरात्री मासेमारी बंद करू शकतात, हूट आऊल म्हणतात त्याला, कारण कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी आणि दमलेला ट्राउट सावरतच नाही. शहाणे लोक तर 68 लाच रॉड गुंडाळतात. पण बोर्ड लागला नसेल तर थर्मामीटर बुडवून स्वतःच्या ट्रिपचा सत्यानाश कोण करून घेणार, आणि तसंही सकाळी लवकर उठायला आपण काय सुट्टीवर आलोय?

हिमाचलमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट बंद, अंडी घालायचा सीझन. होमस्टे नेमके तेव्हाच स्वस्त मिळतात, हा माझ्या मते कट आहे. मार्चमध्ये गेलात तर उथळ पाण्यात स्वच्छ दिसणाऱ्या बारीक खडीवर वेडर (छातीपर्यंतची वॉटरप्रूफ विजार) घालून बिनधास्त चाला, खडीत पुरलेल्या अंड्यांतली पिल्लं खाली अजून असतील नसतील, वरून काही दिसत नाही.

संध्याकाळी होमस्टेवर फार्मचा ट्राउट फ्राय मागवा आणि खाता खाता, आम्ही सकाळचे सगळे सोडून दिले बरं का, हे शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं सांगा. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, इथे तर खाल्ली पण नाही. त्यापेक्षा तो ताटातला मासा जास्त सरळ व्यवहार आहे असं मला उगाच वाटून जातं. स्वित्झर्लंडमध्ये 2009 पासून सोडून द्यायच्याच इराद्याने मासे पकडायला बंदी आहे, खायचा तर पकडा नाहीतर त्याला त्रास देऊ नका, असला रुक्ष देश. तिथे लोक नुसते बर्फात फोटो काढतात.

बाकी हात ओले करणारे, बार्ब दाबणारे, मासा पाण्याबाहेर न काढणारे लोक पण असतात ग्रुपमध्ये, त्यांचे फोटो एकदा बघाच. पाण्यात अर्धी जाळी, त्यात एक धूसर शेपटी, माणसाचा चेहरा नाही, मागे डोंगर नाही. लाईक अकरा, त्यातला एक आईचा आणि तिने खाली विचारलंय, मासा कुठाय रे?