‘बिग इलेक्ट्रिक मेटल बास फेस’ (सेकंडहँड सीडी): एका स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार. डी वॉरझॉ या शिकागोच्या बँडच्या १९९१ च्या या सीडीबद्दल तुमच्या चार तक्रारी आहेत: इंडस्ट्रियल (यंत्रासारखं कडक, इलेक्ट्रॉनिक संगीत) म्हणून घेतली आणि निघालं फंक, आवाज बारीक, बास तर नाहीच, शेवटची गाणी अडखळतात, आणि केसला करवतीचा काप आहे, म्हणजे माल डुप्लिकेट. रिव्ह्यू सगळ्यांना दिसतो, म्हणून उत्तरही इथेच देतो.

कापाचं आधी सांगतो. न खपलेला साठा अमेरिकन रेकॉर्ड कंपन्या स्वस्तात काढून टाकत. तोच माल पूर्ण किमतीच्या परताव्यासाठी पुन्हा कंपनीच्या दारात येऊ नये म्हणून केसच्या कडेला करवतीने खाच पाडत, नाहीतर बारकोडला भोक. याला ‘कट-आउट’ म्हणतात. खाच केस आणि आतल्या कागदापुरती असते, डिस्कला तिचा धक्का नाही. लिस्टिंगमध्ये तिचा फोटो आहे.

आता फंक. तुमच्या मनात ‘डिस्को रिजिडो’ होता असं दिसतं. डी वॉरझॉ म्हणजे जिम मार्कस आणि व्हॅन ख्रिस्ती; त्यांचा तो पहिला अल्बम. दुसऱ्यात, म्हणजे तुमच्या या सीडीत, ते उघडपणे फंककडे वळले. त्यात ‘फंकोपोलिस’ नावाचं गाणंच आहे, आणि लिस्टिंगमध्ये आम्ही ‘इंडस्ट्रियल डान्स, फंक’ असे दोन्ही शब्द लिहिले आहेत. ही भेसळ नव्हे. फंक आणि इंडस्ट्रियल मिसळणाऱ्या टॅकहेड या बँडचे डग विम्बिश (बास), कीथ लब्लांक (ड्रम) आणि स्किप मॅकडोनाल्ड (गिटार) हे तिघेही शुगर हिल रेकॉर्ड्स या सुरुवातीच्या रॅप कंपनीच्या स्वतःच्या, फंक वाजवणाऱ्या बँडमधले. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या एड्रियन शेरवूडनेच १९८६ मध्ये मिनिस्ट्री या इंडस्ट्रियल बँडचा ‘ट्विच’ हा अल्बम प्रोड्यूस केला. म्हणजे हे दोन प्रवाह १९९१ च्या कितीतरी आधी एकाच स्टुडिओत बसत होते.

ऐकताना फरक असा पकडा. कडक इंडस्ट्रियल डान्समध्ये सीक्वेन्सरचा (सूर आपोआप वाजवणाऱ्या यंत्राचा) बास एका ठोक्याचे चार सारखे भाग पाडून एकाच जोराने चालतो आणि किक (मोठा खर्जाचा ड्रम) प्रत्येक ठोक्यावर पडते. फंकमध्ये वजन पहिल्या ठोक्यावर असतं; पुढे बास मुद्दाम जागा सोडतो, अर्धवट दाबलेले स्वर टाकतो आणि पुन्हा पहिल्यावर येऊन बसतो. एक-दोन-तीन-चार मोजत राहा आणि बास कुठे गप्प बसतो तेवढंच ऐका. नाच त्या रिकाम्या जागेतून येतो. दोन-तीनदा असं ऐकून बघाच, ही आमची मनापासूनची विनंती आहे. इतका चांगला अल्बम प्रकाराच्या नावाच्या गोंधळात कपाटात पडून राहावा असं वाटत नाही.

बारीक आवाजाचं कारण मास्टरिंग, म्हणजे सीडी छापण्याआधी आवाजाची पातळी ठरवण्याचं शेवटचं काम. त्या काळच्या बऱ्याच सीडींमध्ये ड्रमच्या ठोक्याला वर मोकळी जागा ठेवत, त्यामुळे सरासरी आवाज आजच्या दाबून चढवलेल्या फाइल्सपेक्षा कमी लागतो. व्हॉल्यूमची खुंटी तीच ठेवून तुलना केली तर सीडी हरणारच, कारण कमी आवाजात कानाला बास आणखीच कमी ऐकू येतो. आवाज वाढवा, मग ठरवा.

तरीही बास ‘नाहीच’ असेल तर स्पीकरच्या मागे बघा. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली असेल तर दोन्ही पडदे विरुद्ध दिशेने हलतात आणि मधोमध बसलेल्या माणसापुरता बास एकमेकांत विरून जातो. अँप्लिफायर बंद करा, फक्त एकाच स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा, तोच तुकडा पुन्हा लावा. बास भरून आला तर दोष तिथेच होता. शिवाय बास गिटारची सर्वात खालची तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते. चार इंची वूफरला (स्पीकरच्या खालच्या स्वरांच्या पडद्याला) तो मूळ स्वर जेमतेमच पेलतो, सीडी कितीही नवी असली तरी.

अडखळण्याची तक्रार आम्ही गंभीरपणे घेतो. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून शेवटची गाणी कडेला असतात आणि बोटांचे ठसेही तिथेच. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, टिपून कोरडी करा. गोल गोल पुसू नका: प्लेअरची दुरुस्ती यंत्रणा ट्रॅकवरचा (डिस्कवरच्या नोंदीच्या गोल रेघेवरचा) साधारण अडीच मिलिमीटरचा खंड भरून काढते, पण ट्रॅकच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा तिला झेपत नाही. टूथपेस्ट तर अजिबात नको.

मग डिस्क दिव्यासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके आरपार दिसले तर चमकणारा थर गेला आहे आणि धुऊन उपयोग नाही. ठिपके नसतील तर सत्तर मिनिटांच्या आसपासची, म्हणजे कडेपर्यंत भरलेली, दुसरी एखादी सीडी लावा. तीही शेवटी अडखळली तर प्लेअरच्या लेन्सवर धूळ आहे किंवा लेन्स सरकवणाऱ्या पट्टीवरचं ग्रीस सुकलं आहे. ते काम मेकॅनिकचं.

दुसरी सीडी नीट चालली आणि हीच अडखळली, किंवा ठिपके दिसले, तर डिस्क परत पाठवा. पूर्ण पैसे आणि दोन्ही वेळचं कुरिअर आमच्याकडे. पाकिटात एक चिठ्ठी टाका: कोणतं गाणं, किती मिनिटाला. आम्ही त्याच जागी वाजवून बघू.