बेअरिंगचे पैसे परत देताय, पण इंजिन कोण उतरवणार?

पुन्हा इंजिन बाहेर काढावं लागणार. नवीन क्लच घालून हजार मैलसुद्धा झाले नाहीत आणि पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगची वाट लागली. पेडल दाबलं की लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येतो, रिव्हर्स टाकताना गिअर कर्रकन ओरडतो. तळपायाची आग मस्तकात गेलीय.

गाडी एमजीबी आहे, १९७२ची जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार. इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ही गाडी बनली. इथे ब्रिटनमध्ये आल्यापासून मनात होती, घेतली, आणि तिचं सगळं काम घरच्या गॅरेजमध्ये स्वतः करतो. पण या गाडीत गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा बोगदा बॉडीला कायमचा जोडलेला आहे. गिअरबॉक्स एकटा खालून उतरत नाही. क्लच प्लेट बदलायची म्हणजे १७९८ सीसीचं ते बिडाचं धूड वरून उचलून काढायचं, दुसरा मार्गच नाही. त्याच काळातल्या ट्रायम्फ स्पिटफायरमध्ये गाडीच्या आतून झाकण काढून गिअरबॉक्स सीटांच्या बाजूने बाहेर येतो, इंजिनाला हातही लावावा लागत नाही. आपल्याकडे पूर्वी मद्रासला बनणाऱ्या स्टँडर्ड हेराल्ड गाडीचंही तसंच. एमजीबीवाल्यांच्या नशिबी ते नाही. असो, गाडी घेताना हे माहीत होतं आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती सुटे भाग विकणाऱ्यांबद्दल.

हे रिलीज बेअरिंग म्हणजे नेहमीचं गोळ्यांचं बेअरिंग नाही. लोखंडी वाटीत घट्ट बसवलेलं कार्बनचं कडं असतं, दोन स्प्रिंगच्या क्लिपांनी फोर्कला, म्हणजे ते पुढे ढकलणाऱ्या दुबेळक्या दांड्याला, धरलेलं. पेडल दाबलं की हे कडं, क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या फिरत्या प्रेशर प्लेटवर टेकतं आणि घासत राहतं. म्हणजे सगळी भिस्त त्या कार्बनच्या दर्जावर. चांगला कार्बन, आणि सिग्नलला पेडल दाबून न बसणारा ड्रायव्हर असेल, तर वर्षानुवर्षं चालतं. माझ्या गाडीतलं जुनं निघालं ते मी ठेवून दिलंय. त्याचं कडं आरशासारखं गुळगुळीत आहे आणि अजून वाटीच्या काठाच्या वर आहे. ते मी काढलं कशासाठी? क्लच प्लेट झिजली होती, आणि इंजिन खाली आलंच आहे तर सगळा संच नवा घालावा, असं प्रत्येक शहाणा माणूस सांगतो म्हणून.

परवा गाडी स्टँडवर घेतली, बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, बाजूचं फोर्कवरचं रबर काढलं. आतून काळी भुकटी भुरभुर खाली पडली. टॉर्च मारून पाहिलं तर कार्बन संपलेला, वाटीचा काठ थेट प्रेशर प्लेटवर घासतोय. म्हणजे नवीन प्रेशर प्लेटही गेली.

विक्रेत्याला फोन केला. पहिला प्रश्न काय? ‘कुठल्या गॅरेजमधून बसवून घेतलं? त्यांचं बिल पाठवा.’ म्हटलं, मी घरी बसवलंय. ‘मग वॉरंटी लागू नाही.’ अरे, तुमचा सगळा धंदा घरी काम करणाऱ्या लोकांवर चालतो! माल विकताना घरबसल्या दुरुस्ती करा म्हणून सांगायचं आणि माल सडका निघाला की गॅरेजचं बिल मागायचं? बरीच हुज्जत घातल्यावर साहेब उदार झाले. बेअरिंगचे पैसे परत देतो म्हणाले. फक्त बेअरिंगचे.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. बेअरिंगला काय पडतं? चार माणसांच्या एका जेवणापेक्षा कमी. पण ते बदलायला पुन्हा बॉनेट उतरवा, पाणी काढा, रेडिएटर काढा, ऑइल कूलरच्या नळ्या सोडवा, जुळे कार्बोरेटर काढा, एक्झॉस्टचे गंजलेले नट तुटणार नाहीत अशी प्रार्थना करत फिरवा. बेल हाउसिंगच्या वरच्या बोल्टला पाना नीट बसत नाही, बोटांची सालं निघतात. क्रेन भाड्याने आणा. आणि चढवताना तर खरा छळ. क्लच प्लेट अगदी मधोमध हवी, गिअरबॉक्सचा शाफ्ट तिच्या दात्यांतून जाऊन पुढच्या बुशमध्ये शिरला पाहिजे. शेवटची बोटभर फट मिटता मिटत नाही. बोल्ट आवळून ओढायला गेलात तर प्लेटचा सत्यानाश. क्रेनला लटकलेलं इंजिन केसभर वर, केसभर खाली, कमरेचा काटा ढिला होईपर्यंत. याचे पैसे कोण देणार?

पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारतो, ‘ओरिजिनल देऊ की लोकल?’ दोन भाव सांगतो, घ्यायचं ते तुम्ही ठरवा. हा प्रामाणिकपणा आहे. इथे चकचकीत खोका, त्यावर जुन्या इंग्लिश गाडीचं चित्र, आणि आतला कार्बन कुणी बनवला याचा पत्ता नाही. एकच भाग तीन दुकानांत तीन खोक्यांत, तीन भावांना. विचारलं तर म्हणतात, ‘आमच्याकडे तक्रार आलेली नाही.’ घरी काम करणाऱ्याला वॉरंटीच्या दारातूनच हाकलता, तर तक्रार येणार कुठून?

इथे २०१५चा ग्राहक हक्क कायदा आहे. माल समाधानकारक दर्जाचा असलाच पाहिजे, आणि सहा महिन्यांत बिघडला तर तो मुळात चांगला होता हे विक्रेत्याने दाखवायचं. घरी बसवला म्हणून तो हक्क जात नाही. मी लेखी पत्र पाठवलंय, सोबत फोटो, आणि दावा नुसत्या बेअरिंगचा नाही: प्रेशर प्लेट, ऑइल, गॅस्केट, क्रेनचं भाडं, सगळ्याचा. कानावर हात ठेवले तर छोट्या दाव्यांच्या कोर्टात जाईन.

आणि ज्यांच्याकडे असा संच खोक्यात पडून आहे त्यांनी इंजिन चढवण्याआधी जुनं आणि नवं बेअरिंग शेजारी ठेवून व्हर्नियरने कार्बनची उंची मोजा. कडं वाटीत हलतंय का पाहा, नखाने खरवडून भुकटी निघते का पाहा. जराही शंका आली तर त्याच दिवशी परत पाठवा, इंजिन अजून जमिनीवर आहे तोवरच.